तुझ्या वाट्याचे कनेक्टर

सारिका,

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले आणि घरात अजून माझं कौतुक चालू आहे. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी तुझ्या फोटोकडे बघते, मग माझ्याकडे, आणि म्हणते, जावा असाव्यात तर अशा. समोरच्या काकू काल म्हणाल्या, "सख्खी बहीण करनार न्हाई एवढं केलंस तू तिचं." मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. ओट्यापाशी उभी राहिले आणि खोटं कशाला सांगू, मला तुझाच राग आला. जाण्याआधी भाऊजींना, निदान आत्याबाईंना तरी सगळं सांगून टाकायचं होतंस. मग मला कोणी चांगलं म्हटलं नसतं आणि मी सुटले असते.

तू सांगितलं नाहीस. तुला सगळं कळलेलं होतं की अर्धंच, हेही मला अजून उमगलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. तुझी आर्या झोपली आहे, आत्याबाई देवळात गेल्या आहेत, आणि तास दीड तास तरी मला कुणी हाक मारणार नाही.

तू या घरात आलीस तेव्हा मी तुला पहिला प्रश्न काय विचारला होता, आठवतो? हळद उतरवायला तुझी बाही वर केली तर कोपराच्या आतली कातडी जाड, काळपट, ओरबाडलेली. मी सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय आहे? लागण होते का याची?" मोठी जाऊ म्हणून तोंड सोडायचा परवानाच असल्यासारखी वागायचे मी. तू हसलीस आणि म्हणालीस, "नाही अक्का, हे माझं मला पुरतं. कुणाला देत नाही मी." बायका हसल्या. त्या दिवशी ठरवलं होतं की ही पोरगी डोक्यावर बसायच्या आत हिला जागा दाखवायची.

ते काही जमलं नाही. तुला शिंका सुरू झाल्या की सात आठ लागोपाठ यायच्या आणि प्रत्येक शिंकेनंतर तू "माफ करा" म्हणायचीस. अशा माणसावर रागावणार तरी कसं? घर झाडायचं असलं की मी तुला दाराबाहेर काढायचे. आपल्या चिखलीत बाहेर तरी कुठली शुद्ध हवा, मागे भंगाराची गोदामं, पुढे सारखी ट्रकची ये-जा. तू पदर नाकाला लावून कठड्यावर बसायचीस आणि आतली मी काय काय पुटपुटते ते ऐकून खिदळायचीस. लहानपणापासून खाज, दमा, शिंका. घरात आम्ही त्याला तुझी सवय म्हणायचो, आजार कुणीच म्हटलं नाही.

आणि कामाचं. लोक म्हणतात, मंगलनं जावेला कंपनीत लावलं. उलटं आहे ते. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि बाहेर काम करते असं मी दोनदा तोंड उघडून बोलले होते. दोन्ही वेळा आत्याबाईंनी भाजी निवडता निवडता विषय बदलला होता. तू आलीस, बारावी झालेली, आणि चाकणच्या कंपनीची बायकांची बस आपल्या चौकातून जायला लागली. भाऊजींनी आईजवळ शब्द टाकला. आत्याबाई म्हणाल्या, "दोघी मिळून जा, दोघी मिळून या." एवढंच. त्या एका वाक्यावर माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आलं. त्यावर माझं नाव होतं, माझं स्वतःचं. घरात मी थोरली, वहिनी, बाळूची आई. तिथं बसमध्ये चढले की मंगल. तुला हे कधी बोलून दाखवलं नाही, पण ते ओळखपत्र मी घरी आल्यावरसुद्धा लगेच काढायचे नाही.

गाडीच्या आत वायरींचं जे जाळं असतं ते आपण बनवायचो. दाराएवढ्या बोर्डावर वायरी पसरायच्या आणि प्रत्येकीच्या टोकाची पिन प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये बसवायची. पहिल्या दिवशी शिकवलेलं मला झोपेतसुद्धा पाठ आहे: ढकला, क्लिक होऊ द्या, ओढून बघा. त्या गोंगाटात क्लिक ऐकू येत नाही. ती बोटाच्या टोकाला लागते. ज्या बाईच्या बोटाला ती लागते ती बाई कामाची. तुझ्या बोटाला ती अशी लागायची की तू समोरच्या मुलीशी गप्पा मारत, बोर्डाकडे न बघता कनेक्टर भरायचीस. मी तुझ्या शेजारी मान मोडून काम करायचे आणि तुझ्यावर जळायचे. हो, जळायचे. आता काय लपवायचं.

दिवाळीनंतर कधीतरी तू हात झटकायला लागलीस. मुंग्या येतात म्हणालीस. मी म्हटलं, आठ तास हात वर धरल्यावर मुंग्याच येणार, साखर थोडीच येणार. मग एके सकाळी भाकरी उलटताना तुझं बोट तव्याला चिकटलं आणि तुला ते फोड आल्यावर कळलं. मग तू म्हणालीस, "अक्का, मान खाली घातली की पाठीतून करंट जातो, थेट पायापर्यंत." मी सगळ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाले, "दिवसभर वायरिंग करतेस, करंट लागणारच!" बस हसली. तूही हसलीस. नंतर पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुला पहिल्यांदा हेच विचारलं, मान वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं का. मी खाली बघत उभी होते. माझा तो विनोद तेव्हा मला जसाच्या तसा ऐकू येत होता.

आता कँटीनमधल्या त्या दुपारबद्दल. तू डबा उघडला नव्हतास. म्हणालीस, "अक्का, मला क्लिक लागत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे पिन बसली का नाही, कळतच नाही. बोटावर कुणी जाड कापड गुंडाळल्यासारखं झालंय. मी आज लाइन लीडरला सांगते. दुसरं काहीतरी काम देतील, नाहीतर काढतील. आणि ह्यांना घेऊन डॉक्टरकडं जाते."

किती सरळ बोलली होतीस तू. काय करायचं ते तुला ठाऊक होतं. तुला कुणाच्या सल्ल्याची गरजच नव्हती.

आणि मी म्हटलं, "थांब."

मी काय काय सांगितलं ते तुला आठवत असेल. की पंधरा दिवसांत कायम करायच्या बायकांची यादी लागणार आहे. की आत्ता बोटाचं नाव काढलंस तर तुझं नाव पहिलं कापतील. की यादी लागू दे, मग हक्काची रजा घे, पाहिजे त्या डॉक्टरकडं जा. तोवर तुझे कनेक्टर मी बघते. तू फक्त पिना ढकल आणि टेप गुंडाळ, ओढून बघायचं काम माझं. तुझे डोळे भरून आले. तू माझा हात धरलास. "अक्का, तुम्ही माझ्यासाठी एवढं करणार?"

तुझ्यासाठी नव्हतं, सारिका.

मला त्या दुपारी एकच गोष्ट दिसत होती. तुला काढलं तर तू घरी बसणार. तू घरी बसलीस की "दोघी मिळून जा" मोडलं. मग मीही घरी. मला बस दिसली, तिच्यात मी नसलेली. तुझी बोटं मला दिसलीच नाहीत. हे आजपर्यंत मी कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. माझा हात धरून तू ज्याला उपकार समजलीस, तो माझा स्वार्थ होता, आणि मी तो मान खाली घालून, मोठ्या मनाच्या बाईसारखा स्वीकारला.

यादी पंधरा दिवसांनी लागली नाही. महिनाअखेर म्हणाले. मग नवं वर्ष म्हणाले. प्रत्येक वेळी तू माझ्याकडे बघायचीस आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, आता थोडंच राहिलं. असे चार महिने गेले. या चार महिन्यांत तू मला जितका जीव लावलास तितका माझ्या आईनंही लावला नसेल. माझ्या डब्यात तू रोज शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधायचीस. एकदा तपासणीच्या टेबलावर तुझ्या बोर्डाचं जाळं नापास झालं, एक पिन मागे सरकलेली, माझ्या नजरेतून सुटलेली. लीडर ओरडत आला आणि मी म्हटलं, माझी चूक. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. परत येताना तू बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता. बघ, कुठल्या थराला माणूस जातं.

मग तो दिवस. चौकात बस थांबली, तू पायरीवरून पाय खाली टाकलास आणि पाय तुझं ऐकेना. तू रस्त्यावर बसलीस, लागलं असं काही नाही, नुसती बसलीस, आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "अक्का, जमीन लागत नाही."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून आहे. तू तोंड उघडलंस आणि तुझ्याआधी मी बोलले. "झाला असंल महिना." भाऊजी शेजारी होते. तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही बघितलंस. आश्चर्यानंही नाही. अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलंस, एक क्षणभर, आणि मग पुन्हा माझी सारिका झालीस. ती नजर मी रोज काढून बघते. तुला तेव्हा सगळं कळलं का गं?

तपासण्या झाल्या. मानेचा एमआरआय, पाठीतलं पाणी, रक्त. डॉक्टरांनी कागदावर मणका काढून समजावलं. तुझं शरीर जन्मापासून धुळीशी, घरातल्या बारीक किड्यांशी भांडत आलंय. कातडीवर भांडलं, नाकात भांडलं, छातीत भांडलं. आता त्याच भांडणाची सूज मणक्याच्या आतल्या दोरीला आली आहे, मज्जारज्जूला. असं क्वचित होतं. औषधं आहेत. "या आजारानं माणूस सहसा जात नाही," असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. तू म्हणालीस, "बरंय म्हणजे. बाहेरून खाजवून झालं, आता आतून खाजवायचं." डॉक्टरांनाही हसू आलं. तुझ्या जिभेला काही झालं नव्हतं.

पुढं तुला खरं सांगायचं होतं. सलाइनमधून औषध चालू होतं तेव्हा तू दोनदा म्हणालीस, "अक्का, डॉक्टरांना तरी चार महिने म्हणून सांगू. त्यांना माहीत असलेलं बरं." आणि मी म्हटलं, आता सांगून काय होणार आहे, उगाच भाऊजी आकांडतांडव करतील. तू म्हणालीस, "ह्यांना नाही सांगायचं. डॉक्टरांना." मी म्हटलं, झोप आता. आपलं भांडण असं कधी रंगायचंच नाही, मी मोठ्या आवाजात एक वाक्य बोलायचे आणि तू गप्प व्हायचीस. तेही तिथंच राहिलं.

पण तू सांगितलंसच. मी चहाला खाली गेले तेव्हा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "लवकर आणलं असतं तर हिचे पाय वाचले असते असं मी खात्रीनं नाही सांगू शकत. पण लवकर आणायला हवं होतं." त्यातलं पहिलं वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं म्हणून सांगू. दर वेळी दुसरं वाक्य त्याच्या मागून येतंच.

मी काम सोडलं. बघ ना, ज्यासाठी एवढं केलं ते असं गेलं. दोन महिने मी तुझ्यापाशी होते. तुला कुशीवर वळवायचे, पाठीला पावडर लावायचे, टाचांखाली उशी द्यायचे. गादी काढली, गोधड्या काढल्या, पडदे काढले, फरशी दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं पुसली. लोक ते बघायचे आणि तिथूनच माझं कौतुक सुरू झालं. तू घरी आल्यावर एका सकाळी माझं बोट धरून दाबलंस आणि ओरडलीस, "अक्का, लागतंय! तुमचं नख लागतंय मला!" आत्याबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. आपण तिघी हसलो, रडलो. तुला मी लगेच एक जुना कनेक्टर आणून दिला, माझ्या पर्समध्ये राहिलेला. तू पिन ढकललीस. बघितलंस. म्हणालीस, "अजून नाही. पण लागेल." लागेल म्हणाली होतीस. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, वेड्यासारखा.

मग साधी सर्दी. दुसऱ्या कुणाची असती तर काढा पिऊन गेली असती. तुझी छाती मुळात दम्याची, त्यात दोन महिने पडून, त्यात औषधांनी अंगातली ताकद मारलेली. चार दिवस ऑक्सिजनवर होतीस. चौथ्या दिवशी दुपारी तू नळी बाजूला करून मला काहीतरी सांगितलंस. मला वाटलं, आता सांगणार. आता म्हणणार, अक्का, असं का केलंत. मी कान जवळ नेला. तू म्हणालीस, "तुम्ही जेवलात का?"

मी जेवले होते, सारिका. डबा संपवला होता मी.

आर्याचं सांगते. ती बरी आहे. दिवसातून दोनदा तुला विचारते, मग खेळायला लागते. परवा तिच्या कोपराच्या आत लाल दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आकुर्डीला त्वचेच्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसले, ते स्वतः साडेदहाला आले. म्हणाले, आईकडून आलं असेल, घाबरू नका, मलम लावा, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवते आहे. पोरगी वैतागते, इतक्या वेळा मी तिची बोटं दाबून विचारते, लागतंय का. पण हे करून तुझ्याकडचं काही फिटतं असं मला वाटत नाही. तसं वाटावं असंही मला वाटत नाही.

यादी अजून लागलेली नाही. लाइनवरच्या मुलीनं फोनवर सांगितलं.

आणि आज सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "सोमवारपासनं कामाला जा की. कंपनी घेती म्हनं परत. पोरीकडं मी बघते."

मला कळेचना. मी म्हटलं, "एकटी?"

"मंग? बसमंदी बाया असत्यात की."

"पण तुम्हीच म्हणला होता, आत्याबाई. दोघी मिळून जा, दोघी मिळून या."

त्या लसूण सोलत होत्या. थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आगं, ती नवी नवरी व्हती. तिला इथला रस्ता म्हाईत नव्हता, शिंकून शिंकून दम लागायचा, म्हनून तुला संगं दिली. तुला मी कशाला आडवू? दोन पोरांची आई तू. तू एकटीनं जाऊ का म्हनून इचारलंस कवा मला?"

नव्हतं विचारलं. चार वर्षांत एकदाही नव्हतं विचारलं. कँटीनमधल्या त्या दिवशी घरी आल्यावर, भाजी निवडताना, एका वाक्यात विचारता आलं असतं. त्या हो म्हणाल्या असत्या, आणि तू दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली असतीस.

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. आत्याबाई घाबरल्या. "काय झालं गं? का रडतीस?" मला सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते, खरंच आले होते. पण बाहेर पडलं ते एवढंच, "सारिकाची आठवण आली." त्यांनी लसणाचा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाल्या, "लई जीव व्हता बाई तुमचा एकमेकीवर."

मी तेही ऐकून घेतलं. बाकी सगळ्यांना म्हणू दे. तू मात्र म्हणू नकोस.